एक्झॉनमोबिलचा शेअर की ईएमबी बाँड फंड: दोन्ही ठेवून बघितल्यावरचं मत

ह्यूस्टनमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हा विषय सारखा निघतो. सीडी (बँकेतली मुदत ठेव) मॅच्युअर झाली, आता खात्यात नियमित पैसे येत राहतील असं काय घ्यावं? आणि उत्तरं फिरून फिरून दोनच येतात. एकजण म्हणतो एक्झॉन घे, दरवर्षी डिव्हिडंड वाढतो, विचार कसला करतोस. दुसरा म्हणतो इमर्जिंग मार्केट्स, म्हणजे विकसनशील देशांच्या बाँडचा फंड घे, दर महिन्याला पैसे येतात आणि शेअरबाजाराची कटकट नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, एक्झॉनमोबिल या तेलकंपनीचा शेअर आणि आयशेअर्सचा जे. पी. मॉर्गन यूएसडी इमर्जिंग मार्केट्स बाँड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड), ज्याला सगळे नुसतं ईएमबी म्हणतात. दोन्ही बरीच वर्षं सांभाळून झाल्यावर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: वाढतं उत्पन्न हवं असेल तर एक्झॉन सरळसरळ पुढे आहे, आणि ईएमबीच्या नावात बाँड आहे म्हणून त्याला सुरक्षित समजणं हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पण म्हणून ईएमबी टाकाऊ आहे असंही नाही, ते कुठे आणि किती ठेवायचं याला महत्त्व आहे, ते पुढे सांगते.

आधी मुळातला फरक. एक्झॉन घेतला म्हणजे तुम्ही दुकानात भागीदार झालात, ईएमबी घेतला म्हणजे तुम्ही दुकानदाराला पैसे उसने दिलेत. दुकान जोरात चाललं तर भागीदाराचा वाटा वाढत जातो, उसने देणाऱ्याला मात्र ठरलेलं व्याज तेवढंच. आणि दुकान बसलं तर कागदावर उसने देणाऱ्याचा हक्क आधी असतो खरा, पण इथे दुकानदार म्हणजे सार्वभौम देश आहेत, त्यांच्या दारात जाऊन जप्ती आणता येत नाही, वाटाघाटी होतात, वर्षं जातात आणि हातात येतं ते कमीच येतं.

एक्झॉनचं बोलू. एक्झॉन आणि मोबिल १९९९ मध्ये एकत्र झाल्या, मुख्यालय डॅलसजवळच्या अर्विंगहून २०२३ मध्ये आमच्या इथे स्प्रिंगला आलं. डिव्हिडंड तीन महिन्यांनी, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. २०१९ साली एका शेअरमागे वर्षाचे ३.४३ डॉलर मिळाले, २०२४ ला ३.८४, आणि २०२५ ला शेवटचा हप्ता १.०३ झाल्यामुळे बरोबर ४ डॉलर. चाळीसहून जास्त वर्षं दरवर्षी वाढ केलीये. वाढ फार मोठी नसते, काही वर्षी तर अगदी नावापुरती (२०२१ ला ८७ सेंटचे ८८ केले, बस), पण थांबत नाही, आणि माझ्यासारख्या घरखर्चाचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं.

पण हा रेकॉर्ड कसा टिकला ते माहीत हवं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन क्रूडचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसे पण घ्या अशी अवस्था. त्या वर्षी एक्झॉनला २२.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला. ऑगस्टमध्ये डाऊ जोन्स या शेअर निर्देशांकातून काढलं, १९२८ पासून तिथे होती ती कंपनी, आणि तिची जागा सेल्सफोर्सने घेतली. शेअर वर्षाच्या सुरुवातीला ७० च्या आसपास होता तो ३० च्या घरात आला. युरोपात शेलने डिव्हिडंड कापला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा, मग बीपीने निम्मा केला. एक्झॉनने ८७ सेंट तसेच ठेवले. चांगली गोष्ट, पण ते पैसे त्या वर्षीच्या कमाईतून आलेले नव्हते, कंपनीचं कर्ज वाढून ६८ अब्जांच्या जवळ गेलं, आणि जगभरात सुमारे १४,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं, त्यातल्या अमेरिकेतल्या बऱ्याचशा ह्यूस्टनच्या ऑफिसातल्या. त्या ऑक्टोबरमध्ये डिव्हिडंड यील्ड (शेअरच्या किमतीच्या किती टक्के डिव्हिडंड वर्षाला मिळतो ते) दहा टक्क्यांच्या वर दिसत होतं. यील्ड एवढं फुगलेलं दिसलं की कंपनी उदार झालीये असं समजायचं नसतं, बाजाराला तो डिव्हिडंड टिकेल असं वाटत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. यावेळी टिकला. टिकला नसता तरी कुणी कोर्टात जाऊ शकलं नसतं, डिव्हिडंड हे वचन नसतं, बोर्ड दर तिमाहीला ठरवतं.

मग २०२२ आलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेल-गॅस भडकले, एक्झॉनला ५५.७ अब्जांचा नफा झाला आणि शेअर एका वर्षात ८० टक्के वर गेला. २०२३ ला नफा ३६ अब्ज, २०२४ ला ३३.७. म्हणजे या शेअरमध्ये पैसा सरळ रेषेत येत नाही, उड्या मारत येतो. हे ज्याला झेपत नाही त्याने घेऊ नये, खरंच सांगते, २०२० मध्ये घाबरून विकणारे आमच्या आसपास कमी नव्हते आणि त्यांना २०२२ बघायला मिळालंच नाही.

आता ईएमबी. डिसेंबर २००७ ला सुरू झाला, खर्च ०.३९ टक्के, म्हणजे दहा हजार डॉलर ठेवले तर वर्षाला ३९ डॉलर फंडवाल्यांचे. व्हॅनगार्डचा असाच एक फंड आहे, व्हीडब्ल्यूओबी, तो यापेक्षा स्वस्त पडतो, नव्याने घेणाऱ्याने तो आधी बघावा. ईएमबीत पन्नासच्या आसपास देशांचे बाँड आहेत, तुर्कस्तान, ब्राझील, मेक्सिको, सौदी, फिलिपिन्स, इंडोनेशिया, डॉमिनिकन रिपब्लिक असे. सगळे डॉलरमधले. त्यामुळे लिरा किंवा पेसो पडला म्हणून तुमचे पैसे थेट कमी होत नाहीत, हा त्याचा चांगला भाग. पण चलन पडलं की त्याच देशाला डॉलर आणून कर्ज फेडणं जड जातं, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग, तो कोणी सांगत नाही.

पैसे दर महिन्याला येतात, आकडा दर महिन्याला थोडा इकडेतिकडे. हे घरखर्चाला फार सोयीचं आहे, त्याला माझे पूर्ण मार्क. पण वाढ? वाढ नाही. फंड सुरू झाला तेव्हा युनिट १०० डॉलरच्या आसपास होतं, इतक्या वर्षांनी त्याच्या वर टिकून राहिलेलं नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत युनिटमागे जेवढे पैसे यायचे त्यापेक्षा आज कमी येतात. त्याच काळात एक्झॉनचा डिव्हिडंड दुपटीच्या वर गेला. महागाई धरली तर ईएमबीच्या पैशांतून किराणा किती कमी येतो ते ज्याचं त्याने बघावं. हे फंड चालवणाऱ्यांचं पाप नाही, कर्ज देणाऱ्याला एवढंच मिळतं, गोष्टच तशी आहे.

नवऱ्याचे काका पुण्याहून फोनवर विचारत होते, "अगं, हे आपल्या बँकेतल्या एफडीसारखंच ना? मुद्दल कुठे जात नाही?" म्हटलं काका, जातं, आणि तेही कुणी बुडाला नसताना जातं. त्यांना पटेना. म्हणून इथे नीट लिहिते. या फंडातल्या बाँडांचं ड्युरेशन साधारण सात वर्षांचं आहे. त्याचा अर्थ व्याजदर एक टक्का वर गेला तर फंडाची किंमत साधारण सात टक्के खाली. २०२२ च्या मार्चपासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला घेतले, शून्याजवळून २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्के. ईएमबी २०२२ मध्ये महिन्याचे सगळे पैसे धरूनसुद्धा १८ टक्क्यांच्या आसपास खाली होता. एफडीत मुदत संपली की मुद्दल परत मिळतं, या फंडाला मुदतच नाही, तो जुने बाँड काढून नवे घेत राहतो, त्यामुळे "थांबलो तर मुद्दल परत मिळेल" हे इथे लागू नाही. ज्यांना तो भरवसा हवाय त्यांनी ट्रेझरी (अमेरिकन सरकारचे रोखे) घ्यावी किंवा सीडीच चालू ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही.

आणि बुडणारेही असतातच. अर्जेंटिनाने २०१७ च्या जूनमध्ये शंभर वर्षांचा बाँड काढला होता, पावणेतीन अब्ज डॉलरचा, आठ टक्क्यांच्या जवळ यील्ड, आणि लोकांनी रांग लावून घेतला. तीन वर्षांत, २०२० मध्ये, देश डिफॉल्टमध्ये, म्हणजे कर्ज थकवून बसलेला, आणि ते शंभर वर्षांचे कागद बदलून दुसरेच कागद हातात. लेबनॉन २०२० ला, झांबिया २०२० ला, श्रीलंका एप्रिल २०२२ ला, घाना २०२२ च्या डिसेंबरला. श्रीलंकेच्या बाँडांची अदलाबदल व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. फंडात इतके देश असल्यामुळे एखादा बुडाला तरी आपण बुडत नाही, फंडाचा खरा उपयोग हाच आहे, एकटा माणूस अर्जेंटिनाचा बाँड घेऊन बसला असता तर काय झालं असतं विचार करा. पण साताठ टक्के व्याज देणारा देश ते उगाच देत नसतो.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. लोक म्हणतात एक्झॉन म्हणजे तेल, आणि ईएमबी म्हणजे तेलापासून लांब, म्हणून दोन्ही घेतले की बॅलन्स झाला. तसं नाहीये हो. ईएमबीची होल्डिंग्जची यादी उघडून बघा, फंडाच्या साइटवर रोजची यादी असते, कुणालाही दिसते. सौदी अरेबिया, ओमान, बहरीन, अंगोला, नायजेरिया, इक्वेडोर, कोलंबिया, यातल्या बहुतेकांचं सरकार तेलावर चालतं किंवा निदान तेलाशिवाय चालत नाही. २०१९ मध्ये जे. पी. मॉर्गनने सौदीसकट आखाती देश त्यांच्या डॉलर बाँड इंडेक्समध्ये आणले तेव्हापासून तर तेलाचं वजन आणखी वाढलं. तेल पडलं की या देशांची तिजोरी आटते आणि त्यांचे बाँड पडतात. तुर्कस्तान, फिलिपिन्स, डॉमिनिकन रिपब्लिक हे तेल विकत घेणारे देश आहेत, त्यांना स्वस्त तेलाचा फायदा होतो, म्हणून फंड एक्झॉनइतका पडत नाही. पण मार्च २०२० मध्ये काय झालं? एक्झॉन काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर, आणि त्याच आठवड्यांत ईएमबी वीस टक्क्यांहून जास्त खाली. ज्या दिवशी आधार हवा होता त्याच दिवशी दोघंही पडले. घाबरलेला बाजार आधी ट्रेझरी घेतो आणि बाकी सगळं विकतो, त्यात अंगोलाचा बाँड काय आणि एक्झॉन काय.

आणि उलटंही खरं आहे, एक्झॉनच्या पोटात इमर्जिंग मार्केट भरपूर आहे. व्हेनेझुएलात चावेझ सरकारने २००७ मध्ये तेलप्रकल्प ताब्यात घेतले तेव्हा एक्झॉनला बाहेर पडावं लागलं, लवादात वर्षं गेली. रशियात साखालिन-१ मध्ये ३० टक्के वाटा आणि चालवायची जबाबदारी एक्झॉनकडे होती (आपल्या ओएनजीसी विदेशचा तिथे २० टक्के होता), २०२२ मध्ये ते सगळं सोडून यावं लागलं आणि ३.४ अब्ज डॉलर खर्ची टाकावे लागले. त्याच वर्षी मार्चच्या अखेरीला जे. पी. मॉर्गनने रशियाला बाँड इंडेक्समधून काढलं, म्हणजे त्या एका युद्धाने माझ्या दोन्ही होल्डिंग्जना एकाच महिन्यात चटका दिला. आज एक्झॉनची सगळ्यात मोठी आशा कुठे आहे तर गयानात. समुद्रातल्या स्टाब्रोक ब्लॉकमध्ये ४५ टक्के वाटा, २०१५ ला तेल सापडलं, २०१९ च्या डिसेंबरात उत्पादन सुरू, तेल व्यवसायात साडेचार वर्षांत एवढं होणं म्हणजे फारच लवकर. आणि त्याच भागातल्या एस्सेकिबो या प्रदेशावर शेजारचा व्हेनेझुएला हक्क सांगतो. फरक एवढाच की एक्झॉनकडे हे सगळं गेलं तरी टेक्सासचं पर्मियन बेसिन हे तेलक्षेत्र राहतं, मे २०२४ ला पायोनियर ही कंपनी सुमारे ६० अब्जांना, सगळं शेअरमध्ये देऊन, घेतल्यापासून तर तिथे ते फारच भक्कम झालेत. कंपनीला एक प्रकल्प सोडून दुसरीकडे पैसे लावता येतात. कर्ज देणाऱ्याला अर्धं परत घेऊन गप्प बसावं लागतं.

म्हणून ह्यूस्टनकरांना, खास करून ज्यांच्या घरात पगार ऑइल-गॅसमधून येतो त्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमचा पगार तेलावर, तुमच्या घराची किंमत तेलावर (१९८६ ला तेल कोसळलं तेव्हा या शहरातली घरं कुठे गेली ते इथल्या जुन्या लोकांना विचारा), आणि वर बचत पण एक्झॉनमध्ये, तर एकाच वेळी तिन्ही हलणार. आणि त्यावर उपाय म्हणून ईएमबी घेत असाल तर तो उपाय अर्धाच आहे. तेल व्यवसायातल्या माणसाने एक्झॉन एकंदर बचतीच्या पाच टक्क्यांच्या वर ठेवू नये असं मला वाटतं, कंपनीच्या प्लॅनमधून स्वतःच्या कंपनीचे शेअर आधीच मिळत असतील तर शून्य. आयटीत, हॉस्पिटलमध्ये, शाळेत काम करणाऱ्यांना थोडी जास्त मुभा. एकच कंपनी नको वाटत असेल तर एनर्जीचे ईटीएफ आहेत, पण एक्सएलईसारख्यात एक्झॉन आणि शेव्हरॉन मिळूनच एवढा मोठा वाटा असतो की फार काही विखुरलं जात नाही.

ईएमबी कुणी घ्यावा? रिटायर झालेल्यांनी, ज्यांना महिन्याला पैसे हवेत आणि बाकीची बचत आधीच ट्रेझरी-सीडीत भक्कम आहे, त्यांनी थोडा. तोही आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यात. हे महत्त्वाचं आहे, कारण एक्झॉनचा डिव्हिडंड क्वालिफाइड असतो, त्यावर बहुतेकांना १५ टक्केच टॅक्स, काहींना शून्य. ईएमबीतून येतं ते परदेशी सरकारांचं व्याज, ते साध्या उत्पन्नात धरून पूर्ण स्लॅबने टॅक्स लागतो. दोघंही कमावणारं घर असेल तर साध्या ब्रोकरेज खात्यात ईएमबी ठेवून हातात काय उरतं ते एकदा काढून बघा, कागदावर ईएमबीचं यील्ड एक्झॉनच्या वर दिसतं तो फरक बराचसा तिथेच विरतो. मी म्हणूनच एक्झॉन साध्या खात्यात आणि ईएमबी आयआरएमध्ये ठेवलाय. मुलांच्या कॉलेजचे पैसे किंवा अडीअडचणीचे पैसे मात्र दोन्हीकडे नकोत, तीन वर्षांत लागणारे पैसे सात वर्षांच्या ड्युरेशनमध्ये ठेवणं बरोबर नाही.

एक गोष्ट बरेच मराठी लोक विचारतात, यातून भारतात पैसे जातात का. ईएमबीतून भारत सरकारला कर्ज जात नाही, कारण भारत सरकार डॉलरमध्ये बाँड काढतच नाही, २०१९ च्या बजेटमध्ये तसा विचार मांडला होता आणि मग मागे ठेवला. भारताचे रुपयातले सरकारी रोखे जे. पी. मॉर्गनच्या दुसऱ्या, स्थानिक चलनांच्या इंडेक्समध्ये २८ जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आले, दहा टक्क्यांपर्यंत. ते हवे असतील तर स्थानिक चलनाचा फंड वेगळा असतो, आणि तिथे रुपया पडला की तुमचे डॉलर कमी होतात, ते मान्य असेल तरच.

आणि जे भारतात राहून इथले शेअर घेतात किंवा कायमचे परत जायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी. दोन्हींच्या डिव्हिडंडवर अमेरिका आधीच २५ टक्के कापून घेते, भारतात त्याचं क्रेडिट मिळतं पण कागदपत्रं नीट ठेवावी लागतात. पुण्या-मुंबईहून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) आधी भरावा लागतो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर अडकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इस्टेट टॅक्स, माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर. अमेरिकेचा नागरिक नसलेला आणि इथे कायमचा न राहणारा माणूस गेला आणि त्याच्या नावावर इथले शेअर-ईटीएफ मिळून ६०,००० डॉलरच्या वर असले तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत टॅक्स लागू शकतो. एक्झॉन आणि ईएमबी दोन्ही त्यात मोजले जातात, भारत-अमेरिकेत याबाबत करार नाही. म्हाताऱ्या आईवडिलांच्या नावाने मोठी रक्कम इथे ठेवली असेल किंवा परत जाताना खातं तसंच ठेवणार असाल तर एखाद्या जाणकार सीपीएला (अमेरिकेतला सीए) हे आधी विचारा, यील्ड किती ते नंतर बघू.